गजांआडचा उमेदवार आणि गजांआडचा मतदार

तुरुंगात राहून लोकसभेची निवडणूक लढवता येते आणि जिंकताही येते. त्याच तुरुंगातून मत मात्र देता येत नाही. लोकशाहीतील ही विसंगती जबलपूरइतकी अन्य कोणत्याही शहराच्या इतिहासात ठळकपणे दिसत नाही. दोषी ठरलेले नसतानाही मताला मुकणाऱ्या लाखो कच्च्या कैद्यांचा प्रश्न ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयाच्या दारात आला. न्यायालय काय म्हणेल यापेक्षाही, राजकीय पक्ष या प्रश्नावर मौन का बाळगून आहेत, हे तपासणे अधिक आवश्यक आहे.

लोकसभा निवडणुकीच्या पहिल्या टप्प्यात, १९ एप्रिल २०२४ रोजी, जबलपूरमध्ये मतदान झाले. पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरी बसून मत देण्याची सोय निवडणूक आयोगाने त्या निवडणुकीत देशभर उपलब्ध करून दिली होती. सीमेवरील जवानाला मतपत्रिका संगणकाच्या माध्यमातून पोहोचत होती. गुजरातमध्ये गीरच्या जंगलातील बाणेज येथे एका मतदारासाठी मतदान केंद्र उभारण्याची प्रथा तर सर्वांच्या परिचयाची आहे. जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस मध्यवर्ती कारागृहातील चित्र मात्र वेगळे होते. तेथे पहारा देणाऱ्यांना मत होते. ज्यांच्यावर पहारा होता त्यांच्यापैकी ज्यांचा खटला उभाही राहिलेला नव्हता, त्यांना ते नव्हते.

पुढे ४ जून रोजी निकाल लागले, तेव्हा या व्यवस्थेची दुसरी बाजू समोर आली. तिहार कारागृहात असलेले अभियंता रशीद यांनी बारामुल्लामध्ये ओमर अब्दुल्ला यांचा सुमारे दोन लाख मतांनी पराभव केला. आसामातील दिब्रुगडच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले अमृतपाल सिंग पंजाबच्या खडूर साहिबमधून तितक्याच भरघोस फरकाने विजयी झाले. दोघांनी ५ जुलै रोजी बंदोबस्तात येऊन खासदारकीची शपथ घेतली. त्यांची राजकीय भूमिका कोणाला पटो वा न पटो, कायद्याने त्यांना उमेदवार होण्यापासून रोखले नाही. रशीद यांच्याच कोठडीशेजारी एखाद्या किरकोळ चोरीच्या आरोपाखाली खितपत पडलेल्या बंद्याला मात्र मतपत्रिका मिळू शकत नव्हती. जो लाखोंचा प्रतिनिधी होण्यास पात्र आहे, त्याच परिस्थितीतील दुसरा नागरिक एका मतासही पात्र नाही, असा या कायद्याचा अर्थ होतो.

जबलपूरचा जुना धडा

तुरुंगातून निवडून येण्याची परंपरा जबलपूरला नवी नाही. हिंदीचे खंदे पुरस्कर्ते आणि दीर्घकाळ खासदार राहिलेले सेठ गोविंददास यांचे १९७४ मध्ये निधन झाले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाने प्रेरित झालेल्या विरोधी पक्षांनी एका विद्यार्थी नेत्याला ‘जनतेचा उमेदवार’ म्हणून उभे केले. जबलपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकलेला आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्षपद भूषवलेला हा तरुण म्हणजे शरद यादव. वय जेमतेम सत्तावीस आणि मुक्काम तुरुंगात. काँग्रेसचा बालेकिल्ला मानला गेलेला हा मतदारसंघ त्यांनी जिंकला. १९७७ मध्ये उत्तर भारतात जे घडले त्याची चाहूल जबलपूरने अशी आधीच दिली होती, असे मानणारे अभ्यासक थोडे नाहीत.

या विजयाने एक गोष्ट सिद्ध केली. सत्ता एखाद्याला तुरुंगात टाकू शकते, परंतु मतदार त्याला तेथून थेट संसदेत पाठवू शकतो. तुरुंगाची भिंत आणि मतपेटी यांच्यात मतपेटी वरचढ ठरावी, हाच लोकशाहीचा गाभा होय. जबलपूरच्या मतदाराने तो पाळला, कारण त्याच्या हाती मत होते.

आणीबाणीत मत हाती असूनही ते वापरण्याची वेळच पुढे ढकलली गेली. पाचव्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. ती संसदेने एक वर्षाने वाढवली आणि पुढे आणखी एकदा वाढवली. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर लोकसभेचा कार्यकाळच सहा वर्षांचा केला. तो पुन्हा पाच वर्षांवर आला तो चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने, १९७८ मध्ये. जनतेने पाच वर्षांसाठीच कौल दिला आहे, त्यापलीकडे एक दिवसही सभागृहात राहण्याचा अधिकार आपल्याला नाही, अशी भूमिका घेऊन दोन खासदारांनी तुरुंगातून राजीनामे पाठवले. एक होते पुण्याचे आणि बिहारमधील बांक्याचे प्रतिनिधित्व करणारे मधु लिमये, दुसरे जबलपूरचे शरद यादव. मतदानाचा हक्क हा केवळ केंद्रावर जाऊन शिक्का मारण्याचा हक्क नाही, तर ठरल्या वेळी ती संधी मिळण्याचाही हक्क आहे, हे या दोन राजीनाम्यांनी दाखवून दिले. खासदारकी सोडूनही दोघांची सुटका झाली नाही. यातच त्या कृतीचे मोल दडलेले आहे.

एका खटल्याचे नाव

जबलपूरचे नाव देशाच्या न्यायिक इतिहासात कायमचे कोरले गेले ते आणखी एका कारणाने. हे शहर आणि मराठी मुलूख यांचा संबंध जुना आहे. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि नागपूरचे उच्च न्यायालय जबलपूरला जाऊन मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय झाले. आणीबाणीत ‘मिसा’खाली स्थानबद्ध केलेल्यांनी देहोपस्थितीच्या याचिका दाखल केल्या, तेव्हा या न्यायालयाने, अन्य अनेक उच्च न्यायालयांप्रमाणेच, त्या ऐकून घेण्याचा आपला अधिकार शाबूत असल्याचे ठरवले. सरकार अपिलात गेले आणि ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ हा खटला जन्मास आला.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २८ एप्रिल १९७६ रोजी लागला. आणीबाणीत जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क न्यायालयात मागता येणार नाही, असे पाचपैकी चार न्यायमूर्तींनी म्हटले. या चौघांत पुढे सरन्यायाधीश झालेले य. वि. चंद्रचूडही होते. न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले आणि त्याची किंमत सरन्यायाधीशपद गमावून मोजली. चार दशकांनंतर, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्कावरील निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा तो निकाल चुकीचा ठरवला. तो चुकीचा असल्याचे लिहिणाऱ्यांत य. वि. चंद्रचूड यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते.

या इतिहासाचा आजच्या प्रश्नाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे तो असा. तुरुंगात गेला म्हणून माणूस नागरिकत्वाचे सर्व हक्क हरवून बसत नाही, हे तत्त्व जबलपूरच्या खटल्यात हरले आणि पुढे हळूहळू पुन्हा प्रस्थापित झाले. कैद्याला वकिलाचा, उपचारांचा, वाचन-लेखनाचा, परीक्षेस बसण्याचा हक्क न्यायालयांनी मान्य केला. मताचा हक्क मात्र या वाटचालीत दारातच थांबला.

कलमाची भाषा

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा. त्याच्या कलम ६२च्या पाचव्या पोटकलमानुसार, शिक्षा भोगत असलेली वा ‘अन्यथा’ तुरुंगात बंद असलेली अथवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात असलेली कोणतीही व्यक्ती कोणत्याही निवडणुकीत मत देऊ शकत नाही. कारावासाबरोबर काळ्या पाण्याच्या शिक्षेचाही उल्लेख त्यात आहे. ती शिक्षा १९५५ मध्येच कायद्याच्या पुस्तकातून गेली. कलमाचा मूळ पिंड कोणत्या काळाचा आहे हे सांगण्यास एवढे पुरेसे आहे. गुन्हेगाराचे नागरी अस्तित्वच संपुष्टात येते, ही जुनी इंग्रजी समजूत त्यामागे आहे.

खरी अडचण ‘अन्यथा’ या एका शब्दात आहे. त्या शब्दाने सिद्धदोष आणि कच्चा कैदी यांना एका पंगतीत बसवले. कलमाला एकच अपवाद आहे, तो प्रतिबंधक स्थानबद्धतेचा. ज्याच्यावर खटलाच चालवायचा नाही, केवळ संशयावरून ज्याला कोंडले आहे, त्याला मत देता येते. त्यासाठीची तजवीजही तपशीलवार आहे. निवडणूक जाहीर झाल्यावर पंधरा दिवसांत अशा मतदारांची नावे, पत्ते आणि यादीतील क्रमांक सरकारने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला कळवायचे असतात आणि तो टपाली मतपत्रिका रवाना करतो.

परिणामी परिस्थिती विचित्र झाली आहे. सरकारच्या मते जो इतका धोकादायक आहे की खटल्याशिवायच डांबावा, त्याला मत आहे. ज्याच्यावर आरोप आहे पण जो कायद्याच्या नजरेत निर्दोष आहे, त्याला नाही. याहून विचित्र म्हणजे, खालच्या न्यायालयात दोषी ठरून अपिलात जामिनावर सुटलेला माणूस रांगेत उभा राहून मत देऊ शकतो. जामीनदार मिळाला नाही म्हणून आत राहिलेला निर्दोष माणूस देऊ शकत नाही. म्हणजे मताचा हक्क गुन्ह्यावर अवलंबून राहिलेला नाही. तो जामिनावर, आणि पर्यायाने खिशावर अवलंबून आहे.

राज्यघटनेचे कलम ३२६ वाचले तर हा पेच अधिकच गडद होतो. प्रौढ मताधिकारातून वगळण्याची कारणे तेथे मोजकी आहेत. अनिवास, मनोविकलता, आणि गुन्हा वा निवडणुकीतील भ्रष्ट अथवा बेकायदा आचरण एवढीच ती आहेत. ‘गुन्हा’ याचा अर्थ सिद्ध झालेला गुन्हा असाच घ्यावा लागेल. निव्वळ आरोप म्हणजे गुन्हा, असा अर्थ घ्यायचा तर प्रत्येक फिर्यादीबरोबर एक मत कमी होईल.

न्यायालयाने काय म्हटले

हे कलम घटनाबाह्य ठरवावे, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा न्यायालयाने ती नाकारली. अनुकूलचंद्र प्रधान यांच्या १९९७ मधील खटल्याचा निकाल सरन्यायाधीश जगदीश शरण वर्मा यांच्या पीठाने दिला. सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी न्या. वर्मा यांची कारकीर्द मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयात घडली होती. निकालातील कारणे तीन प्रकारची होती. मतदानाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, म्हणून कायदा त्यावर मर्यादा घालू शकतो. सर्व कैद्यांसाठी मतदानाची व्यवस्था करायची तर पोलीस बळ व साधने अपुरी पडतील. गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या लोकांना निवडणुकीपासून दूर ठेवणे हा रास्त हेतू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मध्ये हीच वाट धरली.

तीन दशकांनंतर या कारणांकडे पुन्हा पाहावे लागते. १९९७ मध्ये टपाली मतदानाची व्याप्ती मर्यादित होती. २०२४ मध्ये घराघरांत जाऊन मते गोळा करण्याचा प्रयोग देशभर झाला. त्यामुळे साधने अपुरी पडतील हा युक्तिवाद आता तितका टिकत नाही. कैदी तर एका जागी, नोंदीत आणि पहाऱ्यात असतात. त्यांच्यापर्यंत मतपत्रिका नेणे हे डोंगराळ वस्तीतील वृद्धेकडे नेण्यापेक्षा सोपे आहे. गुन्हेगारांना दूर ठेवण्याचा हेतू कितपत साध्य झाला, हे संसदच सांगते. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने उमेदवारांच्या शपथपत्रांवरून काढलेल्या आकडेवारीनुसार, २०२४ मध्ये निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ खासदारांनी स्वतःवर फौजदारी खटले असल्याचे जाहीर केले होते. हे आरोपी कायदे करतात आणि तुरुंगातील आरोपी कायदे करणारा निवडूही शकत नाही.

महाराष्ट्राचा जून २०२२

कलम ६२ कोरडे नाही, त्यात सत्तेची गणिते बदलण्याची ताकद आहे, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले. १० जून २०२२ रोजी राज्यसभेच्या सहा जागांसाठी मतदान झाले. सहाव्या जागेसाठी कमालीची चुरस होती. महाविकास आघाडीचे मंत्री नवाब मलिक आणि माजी गृहमंत्री अनिल देशमुख दोघेही कोठडीत होते. मतदानासाठी तात्पुरती मुभा मिळावी, ही त्यांची मागणी विशेष न्यायालयाने व उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. सहावी जागा भाजपच्या धनंजय महाडिकांनी जिंकली. विधान परिषदेसाठी २० जून रोजी मतदान झाले तेव्हा हाच प्रकार घडला. सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला, परंतु कलम ६२च्या पाचव्या पोटकलमाचा व्यापक प्रश्न तपासण्याची तयारी दाखवली.

पुढचे नऊ दिवस महाराष्ट्र विसरलेला नाही. एकनाथ शिंदे यांचे बंड झाले आणि राज्यपालांनी उद्धव ठाकरे सरकारला बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. तेव्हा २९ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मलिक व देशमुख यांना पहाऱ्यात सभागृहात येऊन मत देण्याची परवानगी दिली. ठाकरे यांनी राजीनामा दिल्याने ती वेळ आली नाही. सभागृहातील विश्वासदर्शक ठराव ही लोकप्रतिनिधित्व कायद्याखालील निवडणूक नसल्याने त्याला हे कलम लागू होत नाही, हे कायद्याच्या दृष्टीने बरोबर होते. २०१७ मध्ये छगन भुजबळ यांना कोठडीतून राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मत देता आले, कारण ती निवडणूक वेगळ्या कायद्याखाली होते. मात्र सामान्य नागरिकाला यातून कोणता बोध घ्यावा हे उमगत नाही. तेच आमदार, तीच कोठडी, तोच पहारा. एका मतदानाला जाता येते, दुसऱ्याला नाही. सुरक्षेचे कारण खरे असते तर ते तिन्ही वेळी सारखेच लागू झाले असते.

मलिक, देशमुख, भुजबळ यांच्यासाठी नामांकित वकील उभे राहिले आणि त्यांच्या एकेका मताची चर्चा देशभर झाली. ज्यांच्यासाठी कोणी उभे राहत नाही, ते संख्येने कितीतरी अधिक आहेत.

आत कोण आहे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते, तर तुरुंगांची क्षमता ४ लाख ३६ हजारांच्या घरात होती. या कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ म्हणजे सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. निकालाची वाट पाहत पाच वर्षांहून अधिक काळ आत असलेल्यांची संख्या अकरा हजारांवर होती. म्हणजे हे लोक खटला संपण्याआधीच एका लोकसभा निवडणुकीला आणि बहुधा एका विधानसभा निवडणुकीलाही मुकले.

कच्च्या कैद्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांचे प्रमाण जवळपास दोन-तृतीयांश आहे. जबलपूरच्या पूर्वेला व दक्षिणेला मंडला, डिंडोरी, सिवनी हे गोंड-बैगांचे जिल्हे आहेत. महाकोशलातील गरीब आदिवासी एकदा आत गेला की जामिनाची रक्कम, जामीनदाराची कागदपत्रे आणि वकिलाची फी या तीन पायऱ्या त्याला ओलांडता येत नाहीत. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी संविधान दिनाच्या कार्यक्रमात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पैशाअभावी तुरुंगात राहिलेल्या गरिबांची व्यथा सरन्यायाधीश व न्यायमूर्तींसमोर मांडली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने प्रथमच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याला, काही अपवाद वगळता, कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळानंतर जामिनाची वाट खुली केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण त्या वाटेवर पोहोचेपर्यंत निवडणूक थांबत नाही.

यादीतून नाव जाण्याचा धोका

कायद्याने कैद्याचे नाव मतदारयादीतून काढलेले नाही. तुरुंग हे त्याचे नेहमीचे निवासस्थान मानू नये, असे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० सांगतो. म्हणजे त्याची नोंद घरच्या पत्त्यावरच राहते. उमेदवारीच्या वादात हीच तरतूद निर्णायक ठरली. ज्याला मत देता येत नाही तो ‘मतदार’ नाही आणि जो मतदार नाही तो उमेदवार होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी ‘जनचौकीदार’ खटल्यात ठरवले. सर्व पक्षांत खळबळ उडाली. सप्टेंबरमध्येच संसदेने दुरुस्ती केली. तुरुंगात असल्याने मत देता येत नसले तरी यादीत नाव असलेली व्यक्ती मतदारच राहते, अशी पुस्ती कायद्याला जोडली गेली आणि ती निकालाच्या तारखेपासून लागू करण्यात आली. उमेदवार वाचला. मतदाराची मात्र कोणाला आठवण झाली नाही.

आता यादीतील ते नावही टिकेल की नाही, अशी शंका निर्माण झाली आहे. बिहारपाठोपाठ, २७ ऑक्टोबर २०२५ रोजी निवडणूक आयोगाने बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर केले. त्यात मध्य प्रदेशही होता. केंद्रस्तरीय अधिकारी घरोघर जाऊन अर्ज देणार आणि भरलेला अर्ज परत घेणार, अशी ही पद्धत होती. गैरहजर सदस्यासाठी घरातील प्रौढ व्यक्तीने स्वाक्षरी करण्याची मुभा होती. मृत, स्थलांतरित आणि दुबार नावे काढणे यास कोणाचाही आक्षेप असण्याचे कारण नाही. शुद्ध यादी ही निष्पक्ष निवडणुकीची पहिली अट आहे.

परंतु ज्याचा एकमेव कमावता माणूस तुरुंगात आहे, अशा घराची स्थिती कशी असते? कुटुंब कामासाठी गाव सोडते, घराला कुलूप लागते, शेजारी ‘ते येथे राहत नाहीत’ असे सांगतात. ‘गैरहजर’ या रकान्यात जाण्यास एवढे पुरेसे आहे. नाव वगळले गेल्यावर हरकत घेण्यासाठी ठरावीक दिवसांत कागदपत्रांसह हजर व्हावे लागते. गजांआडच्या माणसाला हे कसे शक्य आहे? सुटका झाल्यावर त्याच्या हाती मत तर नसतेच, यादीतील नावही नसते. आयोगाने प्रत्येक कारागृहात पुनरीक्षणाचा अर्ज पोहोचवण्याची सक्ती केली, तर कायद्यात एका अक्षराचाही बदल न करता हा धोका टाळता येईल.

जगाचा अनुभव

ज्या इंग्लंडकडून हे कलम आले, त्या देशात कच्च्या कैद्यांना मत आहे. तेथील वाद सिद्धदोष कैद्यांपुरता राहिला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००५ मध्ये हर्स्ट खटल्यात सरसकट बंदी चुकीची ठरवल्यावर ब्रिटिश लोकप्रतिनिधी संतापले. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी २३४ विरुद्ध २२ मतांनी बंदी कायम ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये, तर दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १९९९ मध्ये कैद्यांच्या बाजूने निर्णय दिले. वर्णद्वेषाच्या काळात बहुसंख्याकांना मत नाकारले गेले होते, म्हणून प्रत्येक मत हे माणूस म्हणून मिळणाऱ्या प्रतिष्ठेचे चिन्ह आहे, ही दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयाची भूमिका होती. ज्या देशाने १९५० मध्ये पहिल्याच झेपेत सर्व प्रौढांना मताधिकार दिला, त्याने या बाबतीत मागे राहावे हे शोभणारे नाही.

मौनाचे राजकारण

ऑक्टोबर २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने कच्च्या कैद्यांच्या मताधिकारासंबंधीच्या जनहित याचिकेवर केंद्र सरकार व निवडणूक आयोगाकडून उत्तर मागवले. जुने निकाल समोर असल्याने न्यायालयाची वाट सोपी नाही. कायदा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे आणि तेथे या विषयाला वाली नाही.

याची कारणे उघड आहेत. कैद्यांची बाजू घेणारा पक्ष ‘गुन्हेगारांचा कैवारी’ ठरण्याची भीती सर्वांना वाटते. हा मतदार संघटित नाही, त्याची सभा भरत नाही, त्याला आश्वासन देण्यास कोणी जात नाही. तुरुंगातील गुंड बाकीच्यांवर दबाव आणतील, मतदान गुप्त राहणार नाही, हे आक्षेप नेहमी पुढे केले जातात. ते अगदीच निराधार नाहीत. पण दबावाची भीती गावातल्या सावकाराच्या दारी आणि कारखान्याच्या फाटकावरही असते. तेथे आपण मतदाराचे मत काढून घेत नाही, बंदोबस्त वाढवतो. टपाली मतपत्रिका बंद्याच्या मूळ मतदारसंघात जात असल्याने एकाच तुरुंगातील मते एका उमेदवाराच्या पदरात गठ्ठ्याने पडण्याची शक्यताही कमी राहते.

यासाठी फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. स्थानबद्धांसाठी असलेला अपवाद कच्च्या कैद्यांना लागू करणे, निवडणूक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना वगळणे, आणि सिद्धदोषांचा प्रश्न शिक्षेच्या गांभीर्यानुसार स्वतंत्रपणे ठरवणे, एवढ्या तीन गोष्टी पुरेशा आहेत. मतपत्रिका पाठवण्याचा नियम अस्तित्वात आहे, टपाल आहे, तुरुंगाची नोंदवही आहे. उणीव आहे ती इच्छेची. २०१३ मध्ये उमेदवारांचा हक्क धोक्यात येताच संसदेने दोन-तीन महिन्यांत कायदा बदलला, मतदारांसाठी मात्र १९५१ पासून हे कलम जसेच्या तसे आहे.

जबलपूरच्या मतदारांनी सत्तरच्या दशकात एका तुरुंगवासी तरुणाला संसदेत पाठवले होते. १२ जानेवारी २०२३ रोजी त्या तरुणाचे, म्हणजे शरद यादव यांचे निधन झाले, तेव्हा सर्व पक्षांनी त्यांना लोकशाहीचा लढवय्या म्हणून आदरांजली वाहिली. त्या आदरांजलीला अर्थ द्यायचा असेल, तर तुरुंगातून निवडून येणाऱ्याचे कौतुक करणाऱ्यांनी तुरुंगातून निवडून देणाऱ्याचाही विचार करावा लागेल. कच्च्या कैद्याला मत देणे ही त्याच्यावरची मेहेरबानी नव्हे. दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष असतो, हे शासनाचे स्वतःचेच वचन आहे आणि ते मतदानाच्या दिवशीही पाळले गेले पाहिजे.